पहिला चित्रपट, परका देश : कॅमेऱ्याआधी कागद

नागपूर : डिजिटल कॅमेरा, घरच्या संगणकावर संकलनाची सोय आणि परदेशात शिकणारे किंवा नोकरी करणारे चार मित्र एवढ्या भांडवलावर पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट परदेशात करावा, असे स्वप्न आज विदर्भातील तरुणही पाहू लागला आहे. राजकुमार हिरानी यांच्यासारखा नागपूरकर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमार्गे मुंबईत पोहोचला. नागराज मंजुळे यांच्या 'झुंड'साठी (२०२२) थेट नागपूरच्या वस्त्यांतील मुले पडद्यावर आली. चित्रपट ही फक्त मुंबईकरांची मिरासदारी राहिलेली नाही, हे या शहराने पाहिले आहे. मग घरचा मुलगा लंडन, टोरांटो किंवा न्यू जर्सीत असताना चित्रपट तिथेच का करू नये, हा प्रश्न स्वाभाविक ठरतो.

मात्र या स्वप्नाचा हिशेब बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून मांडला जातो. आधी सुंदर स्थळे ठरतात, मग कलाकार, मग विमानाची तिकिटे आणि कागदपत्रांचा विचार सर्वात शेवटी येतो. प्रत्यक्षात परदेशातील चित्रपटासाठी पहिला प्रश्न अगदी रुक्ष आहे. हा चित्रपट कोणत्या देशाचा? माणसाप्रमाणे चित्रपटालाही राष्ट्रीयत्व असते. ते कथेच्या भाषेवरून किंवा दिग्दर्शकाच्या पासपोर्टवरून आपोआप ठरत नाही. निर्मिती कोणत्या कंपनीची, पैसा कोणत्या देशातून आला आणि कोणत्या देशात खर्च झाला, यावरून ते ठरते. व्हिसा, करसवलत, यंत्रसामग्रीची ने-आण आणि मायदेशातील प्रदर्शन या साऱ्या गोष्टी पुढे याच उत्तरावर अवलंबून असतात.

फाळके यांनी नाकारलेला प्रस्ताव

मराठी माणसापुढे हा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला, त्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली. दादासाहेब फाळके यांनी आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठले. 'बायोस्कोप' या साप्ताहिकाच्या संपादकाशी ओळख काढली, त्याच्यामार्फत वॉल्टन येथील सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला, चित्रनिर्मितीचे तंत्र समजून घेतले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा खरेदी करून एप्रिलच्या आरंभी ते परतले. 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत दादरला तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला.

१९१४ साली फाळके आपले तीन चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. या वेळी हेपवर्थ यांनी त्यांच्यापुढे प्रस्ताव ठेवला. लंडनमध्ये राहून भारतीय चित्रपट तयार करावेत. दरमहा ३०० पौंड वेतन आणि नफ्यात २० टक्के वाटा मिळेल. फाळके यांनी तो नाकारला. त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले आणि मायदेशी परतलेल्या फाळके यांना भांडवलासाठी पुन्हा दारोदार फिरावे लागले. ज्ञान आणि यंत्र परदेशातून आणायचे, पण चित्रपट आपल्याच भूमीत करायचा, हा निर्णय त्यांनी जाणीवपूर्वक घेतला होता आणि त्याची किंमतही मोजली. आजचा नवा दिग्दर्शक वेगळा निर्णय घेऊ शकतो. परंतु तोही जाणीवपूर्वकच घ्यावा लागतो.

तीन वाटा

परदेशाशी जोडलेला पहिला चित्रपट करण्याच्या स्थूलमानाने तीन वाटा आहेत. पहिली वाट, चित्रपट पूर्णतः भारतीय ठेवून केवळ चित्रीकरण परदेशात करण्याची. पैसा भारतातील, कंपनी भारतातील. परदेश ही केवळ पार्श्वभूमी. दुसरी वाट, त्या देशात कंपनी स्थापन करून तेथील चित्रपट म्हणून निर्मिती करण्याची. तिसरी वाट अधिकृत सहनिर्मितीची. भारताने ब्रिटन (२००५), जर्मनी (२००७), फ्रान्स (२०१०), कॅनडा (२०१४) यांच्यासह डझनाहून अधिक देशांशी चित्रपट सहनिर्मितीचे करार केले आहेत. अशा करारानुसार मंजूर झालेला चित्रपट दोन्ही देशांत 'आपला' मानला जातो आणि दोन्हीकडील सवलतींना पात्र ठरतो. त्यासाठी दोन्ही निर्मात्यांनी करारात ठरलेल्या प्रमाणात पैसा आणि कलावंत-तंत्रज्ञ द्यावे लागतात आणि चित्रीकरण सुरू होण्यापूर्वीच दोन्ही सरकारांकडे अर्ज करावा लागतो. अंतिम मंजुरी चित्रपट पूर्ण झाल्यावर मिळते. चित्रीकरण आटोपल्यावर कराराची आठवण झाली, तर उपयोग होत नाही.

व्हिसाचा पेच

या तीन वाटांमधील फरक सर्वप्रथम व्हिसाच्या खिडकीवर जाणवतो. ब्रिटनचे उदाहरण घेऊ. तेथील अभ्यागत व्हिसाच्या नियमांत चित्रीकरणासाठी येणाऱ्या परदेशी युनिटला वाव आहे. दिग्दर्शक, निर्माता, कलावंत आणि तंत्रज्ञ या व्हिसावर येऊन बाह्यचित्रीकरण करू शकतात. अट अशी की, ते परदेशी कंपनीचे कर्मचारी असावेत आणि चित्रपटाची निर्मिती व वित्तपुरवठा दोन्ही ब्रिटनबाहेरचे असावेत. म्हणजे पहिल्या वाटेने जाणाऱ्यास हा मार्ग खुला आहे.

परंतु ब्रिटनची करसवलत हवी असेल, तर चित्रपटाची निर्मिती तेथे कर भरण्यास पात्र असलेल्या कंपनीने करावी लागते. एकदा चित्रपट ब्रिटिश कंपनीचा झाला की वरील अट कोसळते आणि भारतातून जाणाऱ्या प्रत्येकाला प्रायोजकाच्या पत्रासह सर्जनशील क्षेत्रातील कामाचा स्वतंत्र व्हिसा घेण्याची वेळ येते. एका हाताने सवलत घ्यायची आणि दुसऱ्या हाताने साधा अभ्यागत व्हिसाही, हे जमत नाही. नवख्या निर्मात्यांचे अंदाजपत्रक चुकते ते नेमके येथे.

परदेशात आधीच राहत असलेल्यांची स्थिती त्याहून नाजूक असते. ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसावर असलेल्यास स्वयंरोजगाराची मनाई आहे. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर नोकरी करणारा अभियंता ज्या कंपनीने त्याला प्रायोजित केले तिच्याकडेच काम करू शकतो. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्यांच्या कामावरही कडक मर्यादा आहेत. शनिवार-रविवारी मित्रांसोबत हौसेखातर लघुपट करणे वेगळे आणि कंपनी काढून, मानधन घेऊन, प्रदर्शनाचे हक्क विकण्यासाठी चित्रपट करणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात नोकरीचा किंवा शिक्षणाचा व्हिसाच धोक्यात येऊ शकतो. आई-वडिलांनी शैक्षणिक कर्ज काढून परदेशी पाठवलेल्या मुलाच्या बाबतीत ही जोखीम चित्रपटाच्या संपूर्ण खर्चापेक्षा मोठी असते. कायदेशीर सल्ल्याचा खर्च अंदाजपत्रकाच्या पहिल्या ओळीत असावा, तो यासाठीच.

सवलतीचे गणित

परदेशी चित्रीकरणाचे सर्वात मोठे आकर्षण म्हणजे तेथील सरकारांचा परतावा. लंडन-स्कॉटलंडमध्ये मराठी चित्रपटांची वर्दळ अलीकडच्या वर्षांत वाढली आहे. हेमंत ढोमे यांच्या 'झिम्मा'तील (२०२१) महिला पर्यटकांची सहल इंग्लंडला गेली. विराजस कुलकर्णी आणि जीत अशोक या जोडीने दिग्दर्शनातील पदार्पणच 'व्हिक्टोरिया – एक रहस्य' (२०२३) या स्कॉटलंडमध्ये घडणाऱ्या भयपटाने केले.

ब्रिटनने १ एप्रिल २०२४ पासून चित्रीकरण सुरू झालेल्या छोट्या चित्रपटांसाठी स्वतंत्र सवलत लागू केली आहे. दीड कोटी पौंडांपर्यंतचे चित्रपट तिच्या कक्षेत येतात. सवलतीचा दर ५३ टक्के हा आकडा ऐकून डोळे विस्फारतात; परंतु त्यामागील हिशेब समजून घ्यायला हवा. ही सवलत एकूण मुख्य खर्चाच्या जास्तीत जास्त ८० टक्के रकमेवर मिळते आणि तिच्यावर २५ टक्के कंपनी कर लागू होतो. समजा, चित्रपटाचा मुख्य खर्च २ लाख पौंड आहे. त्याचे ८० टक्के म्हणजे १ लाख ६० हजार. त्यावर ५३ टक्क्यांनी ८४ हजार ८०० पौंड होतात. कर वजा जाता हाती उरतात ६३ हजार ६०० पौंड. म्हणजे प्रत्यक्षात परतावा मुख्य खर्चाच्या ३२ टक्क्यांच्या आत राहतो. तोही लहान नाही, पण निम्म्याहून अधिक खर्च सरकार देते या समजाला आधार नाही.

या हिशेबात एक सोय दडलेली आहे. मर्यादा ८० टक्क्यांची असल्याने उरलेला पाचवा हिस्सा ब्रिटनबाहेर खर्च झाला, तरी परतावा कमी होत नाही. संकलन, ध्वनिसंस्कार, पार्श्वसंगीत यांसारखी कामे पुण्या-मुंबईत किंवा नागपुरात करून घेण्यास त्यामुळे जागा राहते.

अडचण पात्रतेची आहे. चित्रपट चित्रपटगृहात प्रदर्शित करण्याच्या हेतूने केलेला असावा आणि किमान १० टक्के मुख्य खर्च ब्रिटनमध्ये व्हावा, या अटी सोप्या आहेत. त्यानंतर येते ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटची सांस्कृतिक चाचणी. तिच्यात ३५ पैकी किमान १८ गुण मिळवावे लागतात. कथा कुठे घडते, पात्रे कुठली आहेत, संवाद कोणत्या भाषेत आहेत, चित्रीकरण व उत्तरनिर्मिती कुठे झाली, तंत्रज्ञ कुठले, यांवर हे गुण दिले जातात. भाषेच्या गुणांमध्ये मराठीला वाव नाही. त्यामुळे ते गुण अन्यत्र भरून काढावे लागतात. शिवाय छोट्या चित्रपटांच्या विशेष सवलतीसाठी मुख्य लेखक किंवा दिग्दर्शक ब्रिटनचा नागरिक अथवा रहिवासी असावा लागतो. नसल्यास चित्रपट अधिकृत सहनिर्मितीचा असावा लागतो. नागपूरहून गेलेल्या लेखक-दिग्दर्शकाला ही शेवटची अटच बाहेर ठेवू शकते आणि सहनिर्मितीच्या कराराचे महत्त्व येथे स्पष्ट होते.

याहून मोठा मुद्दा वेळेचा. परतावा खर्च झाल्यानंतर, हिशेब तपासून कंपनीचे कर विवरणपत्र सादर केल्यावर मिळतो. चित्रीकरणाच्या दिवशी हॉटेलचे बिल त्यातून भागत नाही. काही वित्तसंस्था या अपेक्षित परताव्यावर कर्ज देतात. पण त्याला व्याज आणि शुल्क असते. ज्याच्याकडे संपूर्ण रक्कम आधीच उभी आहे, त्याच्यासाठी सवलत हा लाभ आहे. ज्याने सवलतीच्या भरवशावरच अंदाजपत्रक जुळवले आहे, त्याच्यासाठी ती अर्ध्या वाटेवर चित्रीकरण थांबवणारी पोकळी ठरते.

भारतातून पैसा बाहेर नेण्यालाही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेच्या उदार प्रेषण योजनेनुसार निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंतची रक्कम परदेशी पाठवता येते. ठरावीक मर्यादेच्या वर गेल्यास बँक उगमस्थानी करही वसूल करते. तो विवरणपत्रात समायोजित होतो. परंतु तोवर रक्कम अडकून पडते. परदेशात कंपनी स्थापन करून तिच्यात भांडवल गुंतवायचे असल्यास परकीय गुंतवणुकीचे वेगळे नियम लागू होतात. मित्रांच्या खात्यांतून तुकड्या-तुकड्यांनी पैसे पाठवण्याचा 'सोपा' मार्ग पुढे हिशेब तपासणीत सर्वाधिक महाग पडतो.

यंत्रे, माणसे आणि ऊन

कॅमेरे, भिंगे आणि ध्वनिमुद्रणाची सामग्री येथून नेणार असल्यास 'एटीए कार्नेट' हा दस्तऐवज उपयोगी पडतो. तो यंत्रांचा पासपोर्टच म्हणता येईल. भारतात 'फिक्की' ही संस्था तो देते आणि त्याची मुदत एक वर्षाची असते. यादीतील प्रत्येक वस्तू क्रमांकासह नोंदवायची, हमी द्यायची आणि मुदतीत ती परत आणायची. परत न आलेल्या वस्तूवर त्या देशाचे सीमाशुल्क भरावे लागते. छोट्या युनिटने अवजड सामग्री तेथेच भाड्याने घेऊन केवळ कॅमेरा सोबत नेणे अनेकदा स्वस्त पडते. सवलत हवी असेल, तर ते भाडे स्थानिक खर्चातही धरले जाते.

माणसांच्या बाबतीत 'घरचेच काम' ही आपल्याकडील सवय परदेशात चालत नाही. ब्रिटनमध्ये कामगारांना किमान वेतन देणे बंधनकारक आहे आणि दोन दिवसांच्या कामामध्ये सलग ११ तासांची विश्रांती द्यावी लागते. पडद्यावर लहान मूल काम करणार असल्यास स्थानिक प्रशासनाचा परवाना लागतो. कॅमेरा रस्त्यावर लावण्यापूर्वी त्या भागातील प्रशासनाच्या चित्रीकरण विभागाशी संपर्क साधावा लागतो आणि तृतीय पक्षाच्या नुकसानीचा विमा जवळपास प्रत्येक ठिकाणी मागितला जातो.

ऊन हाही खर्चाचाच भाग आहे. नागपुरात वर्षातील सर्वात लहान दिवसही पावणेअकरा तासांच्या आसपास असतो. एडिनबरामध्ये डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा असतो, तर जूनमध्ये तो १७ तासांच्या पुढे जातो. स्वस्त तिकिटांच्या मोहाने हिवाळ्यात गेलेल्या युनिटचे २० दिवसांचे वेळापत्रक सहज ३० दिवसांवर जाते आणि तिकिटांत वाचलेला पैसा हॉटेलात जातो. मोजकी पात्रे, एखादे घर किंवा हॉटेल, बरेचसे प्रसंग चार भिंतींच्या आत, अशी रचना परदेशातील छोट्या चित्रपटाला परवडते ती या कारणाने. रहस्यपट आणि भयपट या गणितात चपखल बसतात.

कथेला परदेश हवा आहे का?

हे सारे जुळले तरी मूळ प्रश्न उरतोच. कथेला परदेशाची गरज आहे का? पुण्याच्या गौरी शिंदे यांचा पहिला चित्रपट 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) न्यूयॉर्कमध्ये घडतो. तो स्वतंत्र निर्मितीचा छोटा चित्रपट नव्हता, त्यामागे व्यावसायिक निर्मात्यांचे बळ होते. तरीही त्याचा धडा छोट्यांनाही लागू पडतो. शशी गोडबोले ही लाडू विकणारी मराठी गृहिणी इंग्रजी न येण्याच्या संकोचाने घरातच लहान झालेली असते. ती अनोळखी शहरात गेली नसती, तर तिची कथाच घडली नसती. न्यूयॉर्क तेथे शोभेसाठी आलेले नाही.

याउलट रितेश बत्रा यांचा पहिला चित्रपट 'द लंचबॉक्स' (२०१३) मुंबईच्या डबेवाल्यांचा आणि लोकलगाड्यांचा. त्यात फ्रान्स आणि जर्मनीतील निर्मात्यांचा पैसा आणि सहभाग होता. मात्र चित्रपट मुंबईतच राहिला. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या पहिल्याच चित्रपटाने जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागातील परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळवले. तो भारत, ब्रिटन आणि कॅनडा यांची सहनिर्मिती आहे. कथा मात्र महाराष्ट्रातील खेड्यात वडिलांच्या निधनानंतरचे विधी पाळण्यासाठी आलेल्या तरुणाची आहे. या दोन चित्रपटांनी परदेशाकडून भागीदार घेतले आणि स्थळ आपलेच ठेवले.

असे भागीदार शोधण्याची जागा नागपूरकरांसाठी दूर नाही. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ २००७ पासून गोव्यात इफ्फी महोत्सवाच्या सुमारास 'फिल्म बाजार' भरवते. तेथे पटकथेच्या टप्प्यावरील प्रकल्प देशोदेशीच्या निर्मात्यांसमोर मांडता येतात. परदेशी भागीदाराला भारतात चित्रीकरणाचे आकर्षणही वाढले आहे. परदेशी निर्मितीसाठी केंद्र सरकारने दिलेला परतावा नोव्हेंबर २०२३ मध्ये ४० टक्क्यांपर्यंत नेण्यात आला आणि त्याची कमाल मर्यादा ३० कोटी रुपये करण्यात आली. लंडनला २० माणसे नेण्याऐवजी लंडनचा सहनिर्माता विदर्भात आणणे, हा पर्यायही त्यामुळे हिशेबात घ्यायला हवा.

परतीचा प्रवास

चित्रपट तयार झाल्यावर तो मायदेशी दाखवायचा असतो. केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र त्यासाठी अनिवार्य आहे. येथेही राष्ट्रीयत्वाचा प्रश्न पुन्हा समोर येतो. परदेशी कंपनीच्या मालकीचा चित्रपट, तो मराठी असला तरी, आयात केलेला चित्रपट म्हणून येतो आणि त्याची कागदपत्रे वेगळी असतात. मराठी चित्रपटांसाठी असलेल्या राज्य शासनाच्या अनुदानाचा अर्ज करतानाही निर्मिती संस्था कुठली, हे पाहिले जाते. पटकथा, संगीत, कलाकार आणि स्थळे यांचे लेखी हक्क निर्मिती संस्थेच्या नावे नसतील, तर वितरक किंवा ओटीटी कंपनी चित्रपट घेत नाही. मैत्रीत तोंडी ठरलेल्या गोष्टी विक्रीच्या टेबलावर टिकत नाहीत.

म्हणून पहिल्या परदेशी चित्रपटाचा क्रम असा असावा. प्रथम कथेला परदेश हवा की परदेशी भागीदार, हे ठरवावे. मग चित्रपट कोणत्या देशाचा, हे निश्चित करावे. त्यानुसार कंपनी, मग व्हिसा, मग सवलतीची पात्रता तपासावी आणि सवलत शून्य धरूनही चित्रपट पूर्ण होईल एवढी रक्कम हाती असावी. स्थळे, ऋतू आणि कलाकार यांचा विचार त्यानंतर करावा. या क्रमात उत्साहाला उशिरा जागा मिळते, हे खरे. पण पहिल्या चित्रपटात बहुधा घरच्यांची बचत गुंतलेली असते आणि अर्धवट राहिलेला चित्रपट कोणत्याच देशाचा नसतो.